आठ नंबरची तार

नामदेवराव, ट्रेसिंगवरचा तो आकडा मी खरवडला होता. अर्ध्या ब्लेडने. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. घरी बायकोला नाही, आणि रामदासपेठेच्या दवाखान्यात तुमच्या खाटेशी दोन दुपारी स्टूल ओढून बसलो होतो, तेव्हा तुम्हालाही नाही. बोलायला म्हणूनच आलो होतो. तुम्ही एक्स-रेच्या मशीनची गोष्ट काढलीत आणि माझं राहून गेलं.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. कारखान्याच्या अंकात तुमच्यासाठी एक पान ठेवलं आहे. वहिनी म्हणाल्या, "तुमीच लिहा भाऊ, तुमी जवळून पाह्यलं त्याईले." तेव्हापासून रोज संध्याकाळी कागद पुढे घेतो आणि उचलून ठेवतो. कष्टाळू, मनमिळाऊ, प्रामाणिक असं लिहून मोकळं व्हावं, सगळे तसंच लिहितात. पण आता ताकद उरलेली नाही. खोटं सांभाळायलाही अंगात जोर लागतो, आणि तो इतकी वर्षं लावून मी थकलो आहे.

म्हणून जे झालं तेच लिहितो. तुम्हाला ते ठाऊकच आहे. वाचणाऱ्यांना नाही, म्हणून थोडं उलगडून सांगावं लागेल.

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कळमेश्वरच्या आपल्या कारखान्यात तारा तापवून नरम करायची नवी भट्टी बसत होती. मी इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर, नोकरीला वर्ष व्हायचं होतं, कायम होण्याचं पत्र महिन्या-दीड महिन्यात येणार होतं. तुम्ही वायरमन, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. फोरमनची जागा रिकामी होती आणि ती तुमचीच आहे, हे गेटवरच्या चहावाल्यालाही माहीत होतं.

त्या भट्टीला वीज दोन ठिकाणांहून येत होती. आतल्या हीटरांना एका बोर्डावरून, दोनशे अँपिअरच्या फ्यूजमधून. पंख्याला आणि दाराच्या मोटारीला दुसऱ्याच बोर्डावरून, तीस अँपिअरच्या फ्यूजमधून. अशा यंत्राच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरली, तर ती माणसात न जाता जमिनीत जावी म्हणून अर्थिंग करतात, आणि तेही दोन वेगवेगळ्या जागी. एक तुटलं तर दुसरं असावं म्हणून. मी काय केलं, तर वीज आणणारे दोन फीड पाहिले, दोन अर्थ पाहिले, आणि जोड्या लावून टाकल्या. मोठ्या फीडला मोठं अर्थ, पन्नास बाय सहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी. छोट्या फीडला छोटं, आठ नंबरची, पेन्सिलीहूनही बारीक तार. कॉपीबुकासारखं स्वच्छ ड्रॉइंग काढलं आणि तुमच्या हातात दिलं.

तुम्ही ते पॅनेलरूमच्या दारात उन्हाला धरून पाहिलंत. कानावरची पेन्सिल काढलीत, परत कानावर ठेवलीत.

"साहेब, हे तार कोनाची?"

"पंख्याच्या फीडची. तीसच अँपिअर आहेत नामदेवराव, आठ नंबर पुष्कळ झाली."

"अन् पेटी कोनाची?"

"कसली पेटी?"

"भट्टीची गा साहेब. बॉडी. पंख्याची येगळी अन् हीटरची येगळी हाय काय?"

"बॉडी एकच आहे."

"मंग हीटरचा करंट बॉडीत उतरला त तो काय इचारन, बापा, माही तार कोनती? तुमच्या कागदावर करंट रेशनच्या दुकानावानी लाइनीत उभा राह्यते. खरा करंट तसा नसते."

शेजारी दोघं-तिघं हसले. मला राग आला. तुम्ही हसला नव्हतात, हे नंतर आठवलं. तुम्ही बैलांवर आलात, कारण काटोलकडची तुमची शेती आणि तुमची वायरिंग एकाच डोक्यात राहायची.

"दोन बैल काहून जुपतो आपन? एकानं मान काढली त ओझं दुसऱ्याच्या मानेवर येते. सारंच्या सारं. अर्धं नाही येत. तुमी एकीकडे बैल जुपला अन् दुसरीकडे वासरू. दोन्ही पट्ट्या दोनशेच्या हिशेबानं पाह्यजे. सगळ्यात मोठा फ्यूज पाहाचा, अन् दोन्ही त्याच्याच मापाच्या."

आज मी नव्या पोरांना हेच शिकवतो. यंत्राला चार ठिकाणांहून वीज येऊ दे, अर्थिंग मोजायचं ते सगळ्यात मोठ्या फीडवर, आणि दोन्हींपैकी प्रत्येक तार एकटीने तो भार झेलेल एवढी हवी. पोरं विचारतात, कशावरून? मी म्हणतो, तसा नियम आहे. नियम कोणी शिकवला ते सांगत नाही.

त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं की स्टोअरमध्ये पट्टी एकाच अर्थापुरती आहे, पुढचा ट्रक कधी येईल ते कोणी सांगत नाही, आणि मॅनेजरसाहेबांना भट्टी पंधरवड्यात पेटलेली हवी आहे. हे सगळं खरं होतं. पण पट्टी असती तरी मी तारच लावायला लावली असती. कारण तुम्ही चारचौघांत मला वासरू म्हणालात असं मी धरून बसलो होतो.

तुम्ही म्हणालात, "लावून देतो. पन मनाले पटून नाही राह्यलं साहेब."

आणि लावलीत. तुमच्या हातचं काम, तार सरळ सुतासारखी, क्लँप घट्ट, वरून रंग.

पुढचं सांगायला मला दहा-अकरा वर्षं लागली.

भट्टी पेटून महिना होत आला असेल. शेजारी पाण्याच्या हौदासाठी खोदकाम निघालं आणि ती मोठी पट्टी नेमकी खड्ड्याच्या आड आली. कंत्राटदार म्हणाला, तेवढी काढून द्या, संध्याकाळी परत जोडा. तुम्ही माझ्याकडे आलात. म्हणालात, "हीटर बंद करून घेऊ, मंग पट्टी खोलतो." भट्टीत माल होता. बंद केली तर थंड व्हायला आणि परत तापायला दोन पाळ्या जाणार. मॅनेजरसाहेबांना काय तोंड दाखवू, हेच माझ्या डोक्यात.

मी म्हणालो, "खोला. दुसरं अर्थ आहे ना."

हे वाक्य कोणत्याही कागदावर नाही. खड्ड्याशी फक्त तुम्ही आणि मी होतो, आणि कुदळींचा आवाज होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग पान्हा घेतलात आणि बोल्ट खोललात.

दुपारचे चार वाजले असतील. तुमची एक सवय होती. कोणत्याही यंत्राला हात लावायच्या आधी तुम्ही उलटा हात लावायचात, बोटांची मागची बाजू, तव्याची धग बघावी तसा. वीज असली तर हात झटक्याने मागे येतो, पकडून राहत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत, मी आजही घरच्या पंख्याला तसाच हात लावतो. त्या दुपारीही तुम्ही भट्टीला उलटा हात लावून पाहिलं होतं. तेव्हा ती ठीक होती. मग आतला एक हीटर वाकून लोखंडाला टेकला. करंट आठ नंबरच्या तारेने जमिनीत जाऊ लागला. मी वर परांचीच्या फळीवर उभा होतो. तार लाल झालेली मी पाहिली. रंग जळाल्याचा वासही आला. दोनशेच्या फ्यूजला वितळायला वेळ लागला, तारेला तेवढा लागला नाही. ती मधोमध तुटून पडली आणि भट्टीची सगळी पेटी जिवंत झाली. तुम्हाला तार दिसत नव्हती, तुम्ही पलीकडे होतात. पाच मिनिटांपूर्वी तपासलेलं म्हणून तुम्ही दाराचं चाक मुठीत धरलंत.

आता दुसरी गोष्ट, तीही कोणाला माहीत नाही. मी उडी टाकून स्विचकडे पळालो. सगळे म्हणतात साहेबांनी स्विच पाडला म्हणून नामदेवराव वाचले. मॅनेजरसाहेबांनी माझी पाठ थोपटली होती. नामदेवराव, मी आधी पंख्याचा स्विच पाडला. जवळ तोच होता. पाडला आणि वळून पाहिलं, तुम्ही चाकालाच चिकटलेले. मला क्षणभर कळेचना की बंद करूनही हे सुटत का नाहीत. स्वतः काढलेल्या ड्रॉइंगमधला दुसरा फीड मी विसरलो होतो. मग दुसऱ्या बोर्डाकडे पळालो, तीस-बत्तीस पावलं. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या पावलांत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ड्रॉइंग ऑफिसात गेलो. विद्युत निरीक्षक येणार होते. ट्रेसिंग, म्हणजे ज्यावरून प्रती छापतात ते मूळ ड्रॉइंग, बाहेर काढलं. "८ नं. तार" ही शाई ब्लेडने हलकेच खरवडली, कागद फाटू नये म्हणून एकाच दिशेने. खरवडलेली जागा खरबरीत होते आणि नवी शाई तिथे फुटते, म्हणून नखाने घासून गुळगुळीत केली. वर लिहिलं "५० × ६ पट्टी". अक्षर इतकं जमलं की मला स्वतःचीच भीती वाटली. साइटवरच्या छापील प्रती गोळा करून फाडल्या. एक कमी भरली. ती तुमची होती.

चौकशी झाली तेव्हा तुमचा उजवा हात पांढऱ्या गोळ्यासारखा गळ्यात बांधलेला होता. निरीक्षकांनी विचारलं, "तार कोणी लावली?"

"म्या लावली."

"ड्रॉइंगमध्ये तर पट्टी दाखवली आहे."

त्यांनी ट्रेसिंग तुमच्यापुढे सरकवलं. तुम्ही वाकून पाहिलंत. मग डाव्या हाताचा अंगठा त्या जागेवर फिरवलात. एकदा. तुम्ही वर पाहिलंत ते माझ्याकडे नाही, खिडकीकडे.

"हो. कागदावर लिहेल त पट्टीच हाय."

"तुमच्याकडची प्रत?"

"हरपली साहेब."

"मोठी पट्टी कोणाच्या सांगण्यावरून खोलली?"

तुम्ही गप्प बसलात. मीही गप्प बसलो. तुमचं गप्प बसणं आणि माझं गप्प बसणं निरीक्षकांच्या कागदावर एकाच ओळीत मावलं: वायरमनने परस्पर खोलली. तुमचं परमिट गेलं. फोरमनची जागा दुसऱ्याला मिळाली. तुम्हाला स्टोअरच्या खिडकीत बसवलं, नट-बोल्ट मोजायला, तीन बोटांच्या हाताने. मला कायम झाल्याचं पत्र ठरल्या महिन्यात आलं.

खंडेनवमीला तुम्ही सगळ्यांच्या आधी हत्यारांची पूजा मांडायचात. पक्कड, टेस्टर, फ्यूज काढायचा चिमटा, वायरीचं इन्सुलेशन तपासायचा मेगर, सगळ्यांना हळद-कुंकू. मेगरला झेंडूचं फूल जरा जास्तच, कारण "याचा मिजाज लई". त्या वर्षी पॅनेलरूममध्ये पूजा मी केली. प्रसाद घेऊन स्टोअरकडे आलो तर तुम्ही तराजूला कुंकू लावत होतात. डाव्या हाताने. त्या हाताला सवय नव्हती म्हणून टिळा लांबट झाला होता. तुम्ही म्हणालात, "या साहेब. आता हेच हत्यार." चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

एकदाच आपण त्या विषयाजवळ आलो. नव्या प्रेसला तीन ठिकाणांहून वीज होती. मी अर्थिंगची चिठ्ठी घेऊन तुमच्या खिडकीशी आलो. तुम्ही चष्मा लावून वाचलीत.

"दोन्ही सारख्या?"

"हो."

"मोठ्या फ्यूजच्या हिशेबानं?"

"हो."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात, आणि पट्टी काढायला आत गेलात. मी खिडकीची जाळी धरून उभा होतो. तुम्ही बाहेर आलात की सांगायचं असं ठरवलं. तुम्ही आलात, सही करा म्हणालात, मी सही केली.

दवाखान्यात शेवटच्या भेटीत तुम्ही धापा टाकत होतात, तरी बोलायची हौस होतीच. "काल एक्स-रेले नेलं मले. मशीनले दोन सप्लाय हायेत साहेब. म्या आधी उलटा हात लावला. नर्सबाई हासली. म्हने, काका, घाबरता काय? म्हनलं, बाई, घाबरत नाही, वळख करून घेऊन राहिलो." मी हसलो. मग तुम्ही डोळे मिटलेत आणि हळूच म्हणालात, "अर्थ पाहून या बरं एकडाव." मी खरंच खाली जाऊन पाहून आलो. दोन पट्ट्या होत्या, दोन्ही सारख्या. वर येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. ऐकलंत की नाही, माहीत नाही.

आता तेराव्यानंतरची गोष्ट. वहिनींना भेटायला तुमच्या घरी गेलो. इतक्या दसऱ्यांना सोनं द्यायला येत होतो, पण बाहेरच्या खोलीतून चहा पिऊनच परतायचो. या वेळी घरात बाई माणूस एकटं, त्या उठायला लागल्या तर मीच म्हणालो, बसा, पाणी मी घेतो. स्वयंपाकघरात गेलो. फळीवर पितळी डबे ओळीने मांडलेले, आणि त्यांच्याखाली कागद अंथरलेला. ड्रॉइंगच्या प्रती काढतात त्या अमोनियाच्या छपाईचा, जांभळट रेघांचा. कडेला त्याच्या कातरून नक्षी केलेली. मी एक डबा सरकवला. माझंच अक्षर होतं. ८ नं. तार. शेजारी पेन्सिलीने तुम्ही एक गोल काढला होता, आणि गोलात फक्त प्रश्नचिन्ह.

पाण्याचा पेला हातात तसाच राहिला. बाहेरून वहिनी म्हणाल्या, "सापडला काय भाऊ पेला?"

मी बाहेर येऊन विचारलं, "फळीवरचा कागद कुठला हो?"

"तो? त्याईनंच देल्ला. बोटं गेली ना, त्याच साली. मोठा कागद हाय, फळीले लाव म्हने, पन फेकू नको. दर दिवाळीले पुसते, पुन्हा अंथरते. काहून, कामाचा होता काय?"

मी पेला खाली ठेवला. मग त्याच आपणहून बोलल्या. "तवा म्या इचारलं होतं त्याईले. म्हनलं, खरं सांगा, तुमचं चुकलं काय? त म्हने, चुकलं. तार म्याच लावली. समजत होतं मले, लावाले नाही पाह्यजे होती. नाही म्हनता आलं असतं, म्हनलं नाही."

नामदेवराव, दहा-अकरा वर्षं मी समजत होतो की तुम्ही मला वाचवलंत. दया केलीत, किंवा साहेब म्हणून घाबरलात. मी दोन्ही ताडून पाहत होतो. तुम्ही तर तुमच्या वाटणीचं घेऊन बसला होतात, कोणी विचारलं नसतानाही. माझ्या वाटणीचं तुम्ही हातातही घेतलं नव्हतं. ते माझ्यासाठी फळीवर अंथरून ठेवलं होतं, चहाच्या कपापासून दहा पावलांवर, आणि मी कधी आत आलो नाही.

मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही तो कागद टेबलावर का टाकला नाहीत? मी बुडालो असतो, बुडायलाच हवं होतं, आणि तुम्ही फोरमन झाला असता. मला तुमचे पायही धरायचे आहेत. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, कळत नाही. मी पस्तिशीला आलो, केस गेले, आणि अजून मला तुमच्या खिडकीशी जाळी धरून उभं असल्यासारखं वाटतं.

हे पान अंकात छापतील की नाही, सांगता येत नाही. छापलं तरी तेवढ्याने माझं भागणार नाही. मला विद्युत निरीक्षकांच्या कचेरीला एक पत्र लिहायचं होतं, की तार माझ्या ड्रॉइंगप्रमाणे लावली होती, पट्टी माझ्या सांगण्यावरून खोलली होती, आणि आकडा नंतर मी बदलला. ते आज सकाळी लिहून पूर्ण केलं आहे. उद्या टपालात पडेल.

दुसरं काम त्याहून जड आहे. वहिनींसमोर बसून, फळीवरचा तो कागद खाली काढून, त्यावर बोट ठेवून त्यांना सांगायचं आहे, की हे अक्षर माझं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं तुमचं देणं माझ्याकडे बाकी आहे.